आल्टवीकचा निवांत आठवडा

बायको आपल्याला ‘धन्यवाद’ म्हणायला लागली की नवऱ्याने सावध व्हावं.

आमची गुंडुला तशी तोंडाने फटकळ. पण या वसंतात ती माझ्याशी एकाएकी सभ्यपणे वागायला लागली. मी कॉफीचा कप पुढे केला की ‘धन्यवाद, हार्टमुट.’ मी ओला टॉवेल पलंगावर टाकला की तो निमूटपणे उचलून वाळत घालायची. या टॉवेलावरून आमच्याकडे कितीतरी रविवार वाया गेले आहेत. आता ती त्याच्याकडे अशी बघायची, जणू तो शेजाऱ्यांच्या गॅलरीतून उडून आला असावा.

कारण मला ठाऊक होतं. हिवाळ्यात तिचे वडील गेले. त्याआधीचं अख्खं वर्ष ती शाळेतली नोकरी, हॉस्पिटल आणि आईचं घर अशा तीन टोकांमध्ये धावत होती. ते गेले तेव्हाही ती रडली नाही. दफनानंतर रीतीप्रमाणे कॉफीला आलेल्या सगळ्यांना केक पुरला का, हेच बघत राहिली. आणि त्यानंतर तिचं हसणं जे बंद झालं ते झालंच. शेवटी मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि म्हणाले, ‘‘औषध नाही देत. आठवडाभर समुद्रावर जा आणि काहीही करू नका.’’

‘‘हे माझ्यावर सोपवा,’’ मी म्हणालो.

यात बढाई नव्हती. मी ब्राउनश्वाइगच्या नगरपालिकेत रस्त्यावरच्या पाट्यांचं काम बघतो. इथे थांबू नये, इथे वळू नये, इथे सायकल लावू नये, हे शहराला मी सांगतो. माणसांना काही न करायला लावण्याचा माझ्याइतका अनुभव आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नसेल.

बाल्टिकच्या किनाऱ्यावर नावाजलेली गावं पुष्कळ आहेत, पण तिथे उन्हाळ्यात समुद्र दिसायलाही रांगेत उभं राहावं लागतं. मी शोधून शोधून आल्टवीक काढलं. एक रस्ता, एक बेकरी, एक चर्च आणि समुद्रात थोडासा आत गेलेला एक लाकडी धक्का. गावाच्या माहितीपत्रकावर ‘आमच्याकडे काहीही घडत नाही’ असं अभिमानाने छापलेलं होतं. मी लगेच दोन माणसांसाठी एक छोटं घर घेतलं आणि वारा अडवायचा कापडी पडदा विकत आणला.

हा पडदा घेऊन जिना चढत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काल्टवासरांनी मला पकडलं. फोल्कमार काल्टवासर रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि आता गाड्यांऐवजी शेजारी वेळेवर येतात की नाही हे बघतात.

‘‘कुठे निघालात, एगर्स?’’

‘‘बाल्टिकला. जरा निवांत.’’

‘‘बाल्टिक?’’ काल्टवासरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला जावं तसा. ‘‘एगर्स, तो समुद्र नाही हो. मोठं झालेलं तळं आहे ते. मीठ नाही, भरती नाही, काही नाही. समुद्र बघायचा तर उत्तर समुद्र!’’

‘‘तिथे दिवसातून दोनदा पाणीच निघून जातं,’’ मी म्हणालो.

‘‘जातं, पण वेळापत्रकाप्रमाणे जातं!’’

आतून त्यांच्या पत्नीचा, रोझविटाबाईंचा आवाज आला, ‘‘त्यांना जेलीफिशचं सांग!’’ मग त्या स्वतःच बाहेर आल्या आणि जेलीफिश चावल्यावर काय लावावं, माशाचा काटा घशात अडकल्यावर काय गिळावं, समुद्रावरच्या वाऱ्याने त्यांच्या चुलतभावाचा कान कसा कायमचा वाकडा झाला, हे सगळं सांगितलं. मी पडदा खांद्यावर घेऊन उभा. शेवटी काल्टवासर म्हणाले, ‘‘ऐका माझं. रद्द करा.’’

पुढच्याच आठवड्यात ते हसतमुखाने माझ्या दारात. ‘‘एगर्स, आनंदाची बातमी! आम्हालाही आल्टवीकलाच जागा मिळाली. तुमच्या शेजारचंच घर. म्हटलं, तुम्हाला तिथे एकटं वाटायला नको.’’

‘‘पण ते तळं आहे ना?’’

‘‘तुम्ही जाताय म्हटल्यावर आम्ही मागे कसे राहू?’’ काल्टवासर इतक्या प्रेमाने म्हणाले की मला त्यांचे आभार मानावे लागले.

रविवारी सासूबाईंकडे कॉफीला गेलो. सासूबाईंच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि सासरे गेल्यापासून त्यांच्या घरात त्या आणि सासऱ्यांचा डॅक्सहुंड कुत्रा कोन्सुल, एवढीच वस्ती. कोन्सुल लांबीने सोफ्याएवढा, उंचीने सपातेएवढा आणि आवाजाने घोड्याएवढा आहे.

‘‘जा हो, खुशाल जा तुम्ही,’’ सासूबाई केक कापत म्हणाल्या. ‘‘आमचं काय! मी आणि कोन्सुल. आम्ही आपलं भिंतीकडे बघत बसू.’’

कोन्सुलने लगेच भिंतीकडे बघितलं. हे त्याला कुणी शिकवलं होतं की काय, देव जाणे. एवढ्या मोठ्या घरात ती एक म्हातारी, समोर रिकामी खुर्ची आणि भिंतीकडे बघणारा कुत्रा. तोंडातला केक गिळायच्या आत माझ्याकडून शब्द निघून गेले, ‘‘आई, तुम्हीपण चला ना.’’

सासूबाईंनी आढेवेढे घेतले, पण सुरी खाली ठेवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ नाही. गुंडुलाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘धन्यवाद, हार्टमुट.’’

तर अशा रीतीने काहीही न करायला आम्ही दोन गाड्या भरून निघालो. आमच्या गाडीत सासूबाईंची खास उंच उशी, टेकायची काठी, दुसरी काठी, कोन्सुलची टोपली, कोन्सुलचं खाणं आणि त्याच्याखाली कुठेतरी गुंडुला. वळणावळणाच्या रस्त्यावर कोन्सुलला मळमळलं आणि त्याने आमच्या वाऱ्याच्या पडद्याचा उपयोग मी योजला होता त्याहून वेगळ्या कामासाठी केला.

आल्टवीकची घरमालकीण ल्युडकेबाई दारातच उभी होती. ही बाई कधीच मोठ्याने बोलत नाही. ती रागावतेसुद्धा कुजबुजत, आणि त्यामुळे आपण काहीतरी भयंकर केलंय असं वाटत राहतं. तिने आम्हाला एकेक खोली दाखवली. प्रत्येक खोलीत नियम डकवलेले. न्हाणीघरात वाळू झटकू नये. खिडकीत टॉवेल घालू नये. दुपारी एक ते तीन गावाची विश्रांती, त्या वेळात आवाज करू नये. पाट्यांचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, मजकूर चोख होता, अक्षरांमधलं अंतरही योग्य. मला थोडा अभिमानही वाटला.

‘‘हा कुत्रा भुंकतो का?’’ ल्युडकेबाई कुजबुजली.

‘‘छे! गप्प असतो,’’ सासूबाई म्हणाल्या.

कोन्सुल खरोखरच गप्प होता. एक वाजेपर्यंत. एक वाजता छपरावर पहिला समुद्रपक्षी उतरला. कोन्सुलने आयुष्यात समुद्रपक्षी पाहिला नव्हता, आणि असल्या पक्ष्याला जगू देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. सारं आल्टवीक झोपलं होतं आणि आमच्या खिडकीतून घोडा खिंकाळावा तसा आवाज येत होता. समोरच्या घराच्या, बाजूच्या घराच्या, बेकरीच्या, सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या. सगळे फक्त बघत होते. शिव्या परवडल्या. गुंडुलाने दमल्या अंगाने कोन्सुलला उचललं आणि तीन वाजेपर्यंत त्याला गावाबाहेर फिरवून आणलं. विश्रांतीचा पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं कार्ड. आमच्याकडे समुद्राकाठच्या प्रत्येक गावात पाहुण्यांवर थोडा कर असतो आणि तो भरला की कार्ड मिळतं. कार्ड नाही तर किनारा नाही. कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून आमची मोजदाद केली.

मी पाट्यांच्या खात्यातला, कचेऱ्यांची भाषा मला समजते. मी हळूच म्हणालो, ‘‘यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. अपंगांना सवलत असते ना?’’

‘‘असते. दाखला?’’

मी उत्तर द्यायच्या आत मागून काठी आपटली. ‘‘अपंग कोण?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘आई, सवलतीसाठी म्हणून—’’

‘‘मी या खुब्यावर दोन जिने चढते! आणि हा मनुष्य साऱ्या जगासमोर मला अपंग म्हणतो!’’ सारं जग म्हणजे कचेरीतल्या बाई आणि बाहेर रांगेत उभे असलेले काल्टवासर पतिपत्नी. सासूबाई बाईंकडे वळल्या. ‘‘पूर्ण लावा. माझा पूर्ण कर लावा! आणि कुत्र्याचाही!’’

‘‘कुत्र्याचा वेगळा असतोच,’’ बाई शांतपणे म्हणाल्या.

काल्टवासर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘एगर्स, असं सासूसमोर विचारायचं नसतं.’’ सल्ला बरोबर होता. काल्टवासरांचे सगळेच सल्ले बरोबर असतात, फक्त ते आपल्या पाठीमागून येणाऱ्या गाडीसारखे येतात. गाडी आपल्याला लागून गेली की मग भोंगा ऐकू येतो.

कार्ड मिळालं, तेव्हा टोपली मिळाली. आमच्या किनाऱ्यांवर बसायला वेताच्या मोठ्या टोपल्या असतात. दोन माणसांची छपरासह खुर्चीच म्हणा ना. पाठ वाऱ्याकडे करायची आणि आत बसून समुद्र बघायचा. दिवस संपला की पुढून लाकडी पट्ट्यांचं दार लावायचं आणि कुलूप घालायचं. मी ही टोपली मुद्दाम गुंडुलासाठी घेतली होती. पाण्यापासून अगदी जवळ, बाकीच्यांपासून जरा लांब. डोळ्यांसमोर चित्र होतं: गुंडुला टोपलीत, पाय पुढे, मांडीवर पुस्तक, आणि मी बाजूला वाळूत, काही न विचारता.

प्रत्यक्षात टोपलीत बसल्या सासूबाई, कारण खुबा. त्यांच्या बाजूच्या जागेवर त्यांची उंच उशी, कारण खुबा. काल्टवासरांना टोपली मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी आमच्या टोपलीच्या सावलीत आपली चटई अंथरली. कोन्सुलला या किनाऱ्यावर मनाई. कुत्र्यांचा किनारा पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा गुंडुला त्याला घेऊन तिकडे जायची. परत येईपर्यंत सासूबाईंना घरी राहिलेली दुसरी चप्पल हवी असायची. चप्पल आणेपर्यंत रोझविटाबाईंची पाठ भाजलेली असायची. मग गुंडुला दुकानात जाऊन चक्का आणायची आणि त्यांच्या पाठीवर थापायची. पाठ भाजल्यावर चक्का लावतात हे ठीक आहे, पण रोझविटाबाईंची पाठ मोठी आहे. तेवढ्या चक्क्याचा केक केला असता तर गाव जेवलं असतं.

‘‘किती गुणी आहे हो तुमची बायको!’’ रोझविटाबाई पालथ्या पडून म्हणायच्या. ‘‘हात कसा थंडगार आहे!’’

मी काही केलं नाही असं नाही. मी गुंडुलाच्या विश्रांतीचं वेळापत्रक केलं. सकाळी पाण्यात पाय, मग टोपली, मग वाचन, मग टोपली. प्रत्येकाच्या नावापुढे वेळ लिहिली, आणि सासूबाईंना त्यांच्या वेळा दाखवायला गेलो. त्यांनी डोळे टिपले. ‘‘म्हणजे मी अडचण झाले तर.’’ संध्याकाळपर्यंत त्यांची समजूत घालावी लागली. ती गुंडुलाने घातली. नंतर मी वेळापत्रक तिच्या हातात दिलं. तिने ते घडी करून पिशवीत ठेवलं. ‘‘धन्यवाद, हार्टमुट. छान केलंयस.’’

त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई भांडत का नाही? मी जे जे करत होतो, ते तिला विश्रांती मिळावी म्हणूनच ना? मग प्रत्येक गोष्टीनंतर तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी थोडी मोठी का होत होती?

सहाव्या दिवशी दुपारनंतर आभाळ दाटून आलं. गुंडुला कोन्सुलला घेऊन पलीकडच्या टोकाला गेलेली. इकडे बघता बघता वारा फिरला, वाळू उडायला लागली आणि पहिले थेंब आले. काल्टवासरांनी चटई गुंडाळली. शेजारच्या गावात एक प्रसिद्ध केकचं दुकान होतं, आणि पाऊस म्हणजे त्यांच्या मते केक खायची वेळ. त्यांनी सासूबाईंना हात दिला, रोझविटाबाईंनी आमची समुद्रावरची पिशवी उचलली. त्या पिशवीत आमचे फोन, माझं कार्ड, किल्ल्या, सगळं होतं.

‘‘एगर्स, येताय ना?’’

त्याच क्षणी माझ्यातला एक जिद्दी माणूस जागा झाला. सहा दिवसांत मी त्या टोपलीत एकदाही बसलो नव्हतो. ‘‘टोपली वाऱ्यासाठीच असते!’’ मी ओरडलो. ‘‘तुम्ही जा!’’

ते गेले. मी टोपलीत बसलो. खरं सांगतो, सुख होतं. छपरावर पाऊस वाजत होता, समोर समुद्र करडा झालेला. फक्त ते लाकडी पट्ट्यांचं दार बाजूला टेकवून ठेवलेलं होतं, ते वाऱ्याने सारखं पडत होतं. मी ते आत ओढलं आणि खाचेत बसवलं. त्याने पाऊसही थोडा अडला. पण वाऱ्याने ते धडाधडा आपटायला लागलं. आमच्या पाट्यांच्या पेशात एक तत्त्व आहे: हलणारी वस्तू पक्की करावी. कुलूप कडीला लटकतच होतं. मी पट्ट्यांमधून दोन्ही हात बाहेर काढले, कडीत कुलूप अडकवलं आणि दार हलू नये म्हणून जरा दाबलं.

खट् असा आवाज आला.

अतिशय छोटा आवाज होता. पण काही आवाज ऐकताच माणसाला पुढचं सगळं दिसतं. किल्ली पिशवीत. पिशवी रोझविटाबाईंच्या खांद्याला. रोझविटाबाई शेजारच्या गावात केक निवडताहेत.

मी आधी दार ढकललं. मग खांदा लावला. मग टोपलीच हलवायचा प्रयत्न केला, पण जिला दोन माणसं उचलतात ती आत बसलेल्या माणसाला कशी उचलता येणार? शेवटी मी शांत बसलो आणि अशा प्रसंगी सुशिक्षित माणूस जे करतो ते केलं. आपण मुद्दाम बसलोय असा चेहरा केला.

पाऊस थांबला. ऊन पडलं. आणि सारं आल्टवीक फिरायला बाहेर पडलं.

आधी एक म्हातारं जोडपं आलं. टोपलीपाशी येऊन थबकलं. आजोबांनी वाकून आत बघितलं.

‘‘आत कुणीतरी आहे, एल्झबेट.’’

‘‘असू दे. नव्या पद्धतीचा उपचार असेल,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्यांना त्रास देऊ नकोस.’’

‘‘माफ करा,’’ मी म्हणालो, ‘‘टोपल्यांच्या माणसाला जरा बोलावता का?’’

पण आल्टवीकमध्ये लोक हळू बोलतात, आणि मीही सहा दिवसांत हळू बोलायला शिकलो होतो. आजोबांनी फक्त मान डोलावली, ‘‘शुभ संध्या’’ म्हटलं आणि दोघं पुढे गेली.

मग टोपी घातलेला एक तरतरीत तरुण आला. कार्ड तपासणारा. माझा जीव भांड्यात पडला. सरकारी माणूस सरकारी माणसाला कधी टाकून जात नाही.

‘‘शुभ संध्या. पाहुण्यांचं कार्ड दाखवता का?’’

‘‘अहो, कार्ड पिशवीत आहे. पिशवी केकच्या दुकानात आहे. मी आत अडकलोय.’’

त्याने विचार केला. ‘‘म्हणजे आत्ता कार्ड नाही.’’

‘‘आत्ता नाही.’’

‘‘मग तुम्हाला किनाऱ्यावर थांबता येणार नाही. किनारा सोडावा लागेल.’’

‘‘अहो, मला तेच तर करायचंय!’’

‘‘मग करा ना,’’ तो समजुतीने म्हणाला.

मी पट्ट्या धरून हलवून दाखवल्या. कुलूप दाखवलं. त्याने वाकून कुलूप बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कुलूप बघितलं. ‘‘हे बाहेरून कुणी लावलं?’’

‘‘मी.’’

‘‘आतून?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

हा ‘का’ सगळ्या आठवड्यालाच लागू होता. बिचारा सज्जन होता. म्हणाला, ‘‘टोपल्यांचे येसेन घरी गेलेत, चहाला. मी त्यांना घेऊन येतो. तोवर...’’ त्याने आजूबाजूला बघितलं. ‘‘तोवर कुठे जाऊ नका.’’

तो गेला, आणि मी मान वळवली तर पाण्याच्या कडेने गुंडुला येत होती. केस ओले, चपला हातात, पुढे कोन्सुल. ती टोपलीसमोर येऊन उभी राहिली. कोन्सुलने मला ओळखलं नाही. किंवा ओळखलंही असेल, पण चारचौघांत ओळख दाखवणं त्याला बरं वाटलं नसावं. तो दुसरीकडे बघत बसला.

‘‘हार्टमुट,’’ गुंडुला म्हणाली. ‘‘आत काय करतोयस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘दार का लावलंस?’’

‘‘ते आपटत होतं.’’

‘‘किल्ली?’’

‘‘केकच्या दुकानात.’’

ती बघत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. तिने तोंडावर हात धरला, पण नाकातून एक विचित्र आवाज आला आणि ती मट्‌कन वाळूत बसली. हसायला लागली. हळू नाही, आल्टवीकला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात, पोट धरून, मागे कलंडून. कोन्सुल दचकला. मला राग यायला हवा होता. माझ्यासारख्या माणसाला पिंजऱ्यात बघून सख्खी बायको वाळूत लोळते म्हणजे काय! पण मी तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकत होतो की राग कुठे ठेवला होता तेच सापडेना.

‘‘तुला माहितीय, बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?’’ ती डोळे पुसत म्हणाली.

सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. आयुष्यभर खिळे, बिजागऱ्या आणि कुलपं विकली त्यांनी. हिवाळ्यानंतर गुंडुलाने आपणहून त्यांचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं.

‘‘मला सोडवलं असतं?’’

‘‘छे! आधी कुलपाचं कौतुक केलं असतं.’’ तिने हुबेहूब त्यांचा घोगरा आवाज काढला, ‘‘‘वा, वा, वा! काय बसलंय! बघ गुंडुला, याला म्हणतात कुलूप! जावई सुटला नाही तरी चालेल, पण हे तोडायचं नाही!’’’

मीही हसलो. ती हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. खूप रडली. मी पट्ट्यांमधून हात बाहेर काढला, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. मला काही सुचवता येत नव्हतं, काही आणायला जाता येत नव्हतं, कुणाला बोलावता येत नव्हतं. म्हणून मी नुसता बसून राहिलो.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि माझ्यावर तोफ सुरू केली. ‘‘आईला कुणी बोलावलं? तू! काल्टवासरांना जिन्यात सगळं सांगत कोण बसलं? तू! त्या रोझविटाच्या पाठीवर मी आठवडाभर चक्का थापतेय, एकदा तरी म्हणालास का, आण, मी लावतो?’’

‘‘मी कसा लावणार?’’

‘‘हाताने! आणि ते वेळापत्रक! हार्टमुट, विश्रांतीचं वेळापत्रक करतं का कुणी? मला समुद्रावर कुणाच्या तरी शेजारी बसायचं होतं रे, बास! आणि तू सारखा उठतोस! आठ दिवस तू एका जागी बसला नाहीस!’’

‘‘सहा,’’ मी म्हणालो.

‘‘गप्प बस!’’

इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग ती सासऱ्यांचं बोलायला लागली. लहानपणी ते तिला गल्ल्यावर बसवून खिळे मोजायला द्यायचे. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये खाटेची चाकं करकरतात म्हणून नर्सला तेल आणायला लावलं आणि स्वतः पडल्या पडल्या सूचना दिल्या. ऊन उतरत होतं, आणि ती सांगत होती आणि मी ऐकत होतो.

एवढ्यात वाळूतून सायकल ढकलत येसेन आले. जाडजूड, शांत माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. मागे तो टोपीवाला तपासनीस.

‘‘हेच ते,’’ तपासनीस म्हणाला.

येसेन कुलपाकडे वाकले. गुंडुलाने हात वर केला.

‘‘जरा थांबाल का?’’

येसेन थांबले. ‘‘काढायचं नाही?’’

‘‘काढायचं आहे. पण घाई नाही. तुम्ही आधी त्या पलीकडच्या टोपल्या बंद करून या.’’

येसेननी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी खांदे उडवले, जुडगा खिशात टाकला आणि पलीकडच्या टोपल्यांकडे चालू लागले. तपासनीस मात्र तिथेच घुटमळला.

‘‘पण बाई,’’ तो म्हणाला, ‘‘यांच्याकडे कार्ड नाही.’’

गुंडुलाने स्वतःच्या खिशातून आपलं कार्ड काढून त्याला दाखवलं.

‘‘माझ्याकडे आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी यांना भेटायला आलेय.’’

आणि कोन्सुलला मांडीवर ओढून घेऊन, टोपलीला पाठ टेकून, ती समुद्राकडे तोंड करून बसली.